तर्कशास्त्र पहिल्याच सत्रात का नको?

घटपट
तत्त्वज्ञानाच्या पदवीचे विषय निवडताना जो तो एकच सल्ला देतो: आवडीचं आधी घे, तर्कशास्त्र नंतर कधीतरी उरकून टाक. मी तेच केलं. अस्तित्ववाद, सौंदर्यशास्त्र, राजकीय तत्त्वज्ञान असं गोडगोड आधी संपवलं आणि तर्कशास्त्र पाचव्या सत्रापर्यंत ढकललं. तिसऱ्या सत्रातला माझा एक निबंध अजून जपून ठेवलाय. समासात लाल शाईने चार ठिकाणी एकच शब्द आहे: 'म्हणून?' निष्कर्ष ऐटीत उभे, खाली आधारविधानांचा पत्ता नाही. तेव्हा वाटलं सर खडूस आहेत. पाचव्या सत्रात कळलं की ते बिचारे हात राखून लिहीत होते. माझं मत: पहिल्याच सत्रात तर्कशास्त्र, तेही सक्तीनं.

उंटावरून
साफ असहमत. 'मला खरंच इच्छास्वातंत्र्य आहे का' हा प्रश्न घेऊन आलेल्या पोराला तुम्ही पहिल्या महिन्यात सत्यता कोष्टक, म्हणजे विधानांच्या खऱ्या-खोट्याच्या सगळ्या जोड्यांचा तक्ता, भरायला बसवणार. तीन विधानं असली की आठ ओळी, चार असली की सोळा. वर त्याला सांगणार की जर-तर विधानातला 'जर' खोटा असेल तर अख्खं विधान खरं धरायचं. का, ते पहिल्या सत्रात कुणी धड सांगत नाही. पोरगं दुसऱ्या सत्रात अर्थशास्त्राकडे वळतं.
आणि आज शिकवतात ते चिन्हांचं तर्कशास्त्र फ्रेग या जर्मन तर्कशास्त्रज्ञापासूनचं, म्हणजे १८७९ नंतरचं. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिनं १६४३ मध्ये फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला पत्र लिहून विचारलं, की मन जर जागाच व्यापत नाही तर ते शरीराला ढकलतं कसं? तिला कुठलं कोष्टक लागलं?

घटपट
एलिझाबेथ रोज जन्माला येत नाही हो. आपल्यासारख्यांचं बोला. हे बघा: 'प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण असतं, म्हणून सगळ्या गोष्टींचं मिळून एक कारण असलंच पाहिजे.' वाचताना किती गुळगुळीत वाटतं! आता त्याच साच्यात: 'प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून सगळ्या माणसांची एकच आई आहे.' नास्तिक तत्त्वज्ञ रसेलनं देव आहे का यावरच्या १९४८ च्या रेडिओवरच्या वादात कॉपल्स्टन या पाद्र्याला साधारण याच अंगाने आईचं उदाहरण सुनावलं होतं. 'प्रत्येक' आणि 'कोणीतरी' यांची अदलाबदल कुठे झाली, हे पकडायला ती चिन्हंच लागतात.

उंटावरून
आत्ता तुम्ही ती चूक एकही चिन्ह न वापरता पकडून दाखवलीत. धन्यवाद.

पाटीवरची रेघ
:) हा गुण उंटावरूनना.
पण तुम्ही दोघंही 'पहिलं काय' यावरच अडलाय. मी उलटीकडून मोजायला सांगेन. शेवटच्या वर्षी कशात बुडायचंय ते आधी ठरवा आणि तिथून मागे या. कांट हवा असेल तर आधी ह्यूम झालेला हवा. आपली झोप ह्यूमनं मोडली हे कांटनंच लिहून ठेवलंय. ह्यूमसाठी लॉक, आणि त्याआधी देकार्त. ही साखळीच दोन सत्रं खाते. मी ती गाळून थेट कांटला भिडले. दहा पानांवर टिपणं काढली आणि आठवड्यानंतर माझीच टिपणं मला लागेनात.
उलट ज्ञान म्हणजे काय यावरचा गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९६३ चा लेख जेमतेम तीन पानांचा. 'समर्थन असलेला सत्य विश्वास म्हणजे ज्ञान' एवढी व्याख्या माहीत असली तरी दुपारभरात वाचून होतो, आणि मग आठवडाभर डोक्यातून जात नाही. असं काहीतरी पहिल्या सत्रात हवं.
अवांतर: पहिल्या सत्रात तर्कच शिकवायचा तर न्यायदर्शनाचं, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कपरंपरेचं, पाच पायऱ्यांचं पंचावयव वाक्य का नको? प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर धूर, म्हणून आग. तिथे उदाहरण द्यावंच लागतं, नुसता साचा चालत नाही.

घटपट
न्यायाबद्दल सहमत. हेत्वाभास, म्हणजे वरवर पटणारी पण फसवी कारणं, शिकलेला माणूस टीव्हीवरची चर्चा पाच मिनिटं बघू शकत नाही. पण ते चिन्हांच्या जोडीला हवं, त्यांच्याऐवजी नको. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही: तर्कशास्त्राला रोज थोडा सराव लागतो, वाचनाचे विषय मात्र शेवटच्या पंधरवड्यात अंगावर येतात. म्हणून एका सत्रात दोन जाड ग्रंथांचे विषय घेऊच नयेत. एक ग्रंथ, एक तर्क, एक हलकं.

नवखा
मी पहिल्या सत्रात आहे, परवा विषयनोंदणी बंद होते. सगळं वाचून तर्कशास्त्र आणि देकार्त ते ह्यूम असं धरलंय. तिसरं सौंदर्यशास्त्र हवं होतं, पण त्याचा तास तर्कशास्त्राच्याच वेळेला येतोय.

घटपट
सौंदर्यशास्त्र पुढच्या वर्षी.

उंटावरून
तर्कशास्त्र पुढच्या वर्षी.