पीसी हेड ऑफिसच्या डोमेनला जोडला जात नाही

डिचोलीकर_कारकून:
सर्व्हर पणजीला, आमची शाखा डिचोलीला. कपाटावर दोन वर्षं पडून असलेला पीसी हेड ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे त्यांच्या सामाईक नेटवर्कला, जोडायचाय. विंडोज 10 प्रो आहे. डोमेनचं नाव, युझर, पासवर्ड फोनवर मिळालं. नाव टाकलं की थोडा वेळ गोल फिरतं आणि 'डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही'. इंटरनेट मात्र धो धो चालतंय. केबल तीनदा काढून घातली. चवथीच्या सुट्टीआधी झालं नाही तर कॅशियरबाई माझ्याच टेबलावर येऊन बसणार.

म्हापसा_77:
फॉरमॅट मारा, सुटाल.

फोंड्याचा_वायरवाला:
फॉरमॅट कशाला? सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पिंग होतो, म्हणजे हाक मारली की उत्तर येतं, पण डोमेनच्या नावाने होत नाही, असं आहे का? मग घोळ डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरचा. डोमेनचा कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) कोण, हे पीसी डीएनएसलाच विचारतो. तिथे कुणी 8.8.8.8, म्हणजे गूगलचं डीएनएस, घालून ठेवलं असेल तर गूगलला तुमच्या ऑफिसातलं नाव काय ठाऊक! नेटवर्कच्या सेटिंगमधल्या आयपीव्ही4 मध्ये डीएनएस म्हणून सर्व्हरचाच आयपी द्या. दुसऱ्या रकान्यातही 8.8.8.8 नको.

डिचोलीकर_कारकून:
8.8.8.8 च निघालं! मागे नेट स्लो म्हणून कुणीतरी घातलेलं. बदललं, आता पासवर्ड विचारतो. तेवढ्यात लाईट गेली, ती रात्रभर. आज सकाळी नवंच: क्लायंट आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे म्हणे. कोपऱ्यातलं घड्याळ 2015 सालात!

फोंड्याचा_वायरवाला:
लाईट नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेलाय, सीआर2032. डोमेनचं लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, तुमचा तर वर्षांचा. आता तारीख-वेळ हाताने घाला, टाइमझोनही बघा. सेल आजच बदला, नाहीतर पुढच्या पावसात परत इथेच याल.

डिचोलीकर_कारकून:
जोडला! पण रीस्टार्ट करून नव्या नावाने आत शिरलो तर डेस्कटॉप कोरा. व्याजाच्या एक्सेल शीट्स गायब. घाम फुटलाय.

फोंड्याचा_वायरवाला:
नवा युझर, नवा डेस्कटॉप. जुन्या फायली सी ड्राइव्हच्या युझर्समध्ये जुन्या नावाच्या फोल्डरात आहेत. जुन्या खात्याने लॉगिन करताना नावाआधी डॉट आणि बॅकस्लॅश घाला, नाहीतर तो डोमेनमध्येच शोधत बसेल.

डिचोलीकर_कारकून:
मिळाल्या. सेल भिंतीवरच्या जुन्या वजनकाट्यातून काढावा म्हणतो.

फोंड्याचा_वायरवाला:
नवा घ्या हो!