मानशीच्या पावणीत बाहेरच्या ठेकेदाराला घ्यावे का?

खाजनकार: गोव्यात खाजनातल्या, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतजमिनीतल्या, मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव होतो. माझे मत असे की ज्याची त्या खाजनात शेती नाही, त्याला बोली लावू देऊ नये.

मानस म्हणजे नदीकडच्या बांधातली लाकडी दारे. भरती चढली की पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटतात, ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. जाळे लावायचे ते ओहोटीलाच. ठेकेदार भरतीलाही दारे उघडी ठेवतो, कारण जास्त पाणी आत आले की सुंगटे, म्हणजे कोळंबी, जास्त. त्या लोटाने मानशीजवळची माती खरवडून निघते, बांध खचतो, खारे पाणी भातात शिरते. कोरगुट हा इथला भात खारेपणा सोसतो, पण म्हणून तो समुद्रात पिकत नाही!

बांधावरचा: बाब, पटत नाही. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या जुन्या संस्थेच्या, काळात बांध गाव सांभाळायचा. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आले, आणि आमच्या संघटनेला पावणीशिवाय दुसरे उत्पन्न नाही. बांधाला चिखल घालायला आज मजूर मिळत नाहीत. बाहेरचा येतो म्हणून भाव चढतो. फक्त कुळांनाच बोली ठेवली तर चौघे आपसात ठरवून कवडीमोलाने घेतील.

सुंद्री: दोघेही भाताचेच बोलता. कित्येक खाजने पडीक आहेत, तिथे खारफुटी आली आहे. ती राहू द्या. माशांची पिले तिथेच वाढतात.

खाजनकार: सुंद्रीताई, बांधाच्या बाहेर खारफुटी हवीच, लाटांचा मार ती झेलते. आत वाढली की सीआरझेडमुळे, म्हणजे किनारपट्टी नियमनाच्या नियमांमुळे, तोडता येत नाही, आणि ते शेत कुळाच्या हातून कायमचे जाते. बांध फुटू देऊन शेत बुडवायचे आणि मग त्याला निसर्ग म्हणायचे, हे मला मान्य नाही.

पैशांचा मुद्दा खरा आहे. मग दारांचा ताबा तरी ठेकेदाराला देऊ नका. संघटनेचा पगारी माणूस ठेवा, ठेकेदाराने फक्त जाळे लावावे.

बांधावरचा: रात्रीच्या भरतीला त्या माणसावर लक्ष कोण ठेवणार? ठेकेदार त्याला दोन पैसे जास्त देईल. त्यापेक्षा अनामत भरपूर घ्या, आणि पीक उभे असताना शेतात खारे पाणी आले की ती जप्त करून त्याच पैशांनी बांध घाला.