वाहनतळाच्या आरक्षणावर शोरूम: सरळ विरोध करायचा की अटी घालायच्या?

वाघबीळकर

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सेवा रस्त्याला लागून असलेलं आपल्याकडचं गाड्यांचं शोरूम मागच्या भूखंडावर वाढवायचं चाललंय. पुढे विक्री, मागे वर्कशॉप, वर डिलिव्हरीचा मजला असा बेत आहे. धंदा वाढतोय, वाढू दे. अडचण जागेची आहे. मागचा भूखंड विकास आराखड्यात वाहनतळासाठी आरक्षित आहे. ते आरक्षण वगळून जागा वाणिज्य वापराला द्यायची म्हणून एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 37 खाली फेरबदलाची सूचना निघालीय. हरकती-सूचनांना एक महिना, मग सुनावणी, मग प्रस्ताव राज्य सरकारच्या नगरविकास खात्याकडे.

असं आपल्याला नेहमी विचारलं जात नाही, हे आधी लक्षात घ्या. कुणी स्वतःच्या जागेवर नियमात बसणारं बांधकाम मागितलं तर ते प्रकरण कलम 44-45 खाली चालतं. अर्जदार, त्याचा आर्किटेक्ट आणि शहर विकास विभाग, एवढ्यातच ते संपतं. शेजाऱ्याला विचारायचं बंधन नाही. आराखडाच बदलायचा असतो तेव्हा मात्र लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा बोलायचं ते याच महिन्यात.

आज त्या शोरूमचा माल कुठे उभा असतो ते संध्याकाळी सातनंतर येऊन बघा. फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत सेवा रस्त्याच्या कडेला नव्या गाड्या लागलेल्या असतात. सीटवरचं प्लास्टिक तसंच, काचेला स्टॉकचा कागद चिकटवलेला, नंबर प्लेट नाही. बिननंबरची गाडी डीलरला व्यवसाय प्रमाणपत्रावर (ट्रेड सर्टिफिकेट) चाचणीसाठी, दुरुस्तीसाठी, गिऱ्हाइकाकडे पोचवण्यासाठी रस्त्यावर आणता येते. रस्त्याचं गोदाम करायची मुभा त्या प्रमाणपत्राने मिळत नाही.

आणि मेट्रो 4, वडाळा ते कासारवडवली, आपल्या दारावरून जाते. स्टेशनला येणारा माणूस दुचाकी लावणार कुठे? ज्या पट्ट्याला वाहनतळ सगळ्यात जास्त लागणार, तिथलाच वाहनतळ आराखड्यातून काढायचा, हे मला अजिबात मान्य नाही. माझं मत: पूर्ण विरोध. तुम्ही काय म्हणता?

सर्व्हिस बे

मी त्या शोरूमचा माणूस नाही, पण याच रोडवर दुसरीकडे सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. म्हणून आतली गोष्ट सांगतो.

गाडी रस्त्यावर का येते? गिऱ्हाईक सकाळी नऊला गाडी टाकून कामावर जातं आणि संध्याकाळी सातला न्यायला येतं. काम दोन तासांचं असलं तरी गाडी दिवसभर आमच्याच गळ्यात. त्यात एका गाडीला चार ठिकाणं लागतात: जॉब कार्ड होईपर्यंत एक, लिफ्टवर एक, वॉशिंगच्या रांगेत एक, तपासून तयार झाली की न्यायला येईपर्यंत आणखी एक. जुन्या शोरूमांचे नकाशे झाले तेव्हा लिफ्ट मोजल्या गेल्या, ही थांबायची जागा कुणी मोजलीच नाही. शनिवारी तर आमचे ड्रायव्हर गाड्या नुसत्या इकडून तिकडे हलवत असतात.

मागचा भूखंड मिळाला तर हे सगळं आत जाईल. तुम्हाला रस्ता मोकळा हवा आहे, आम्हालाही तोच हवा आहे. विरोध करून आहे ती अवस्था कायम राहील, एवढंच होईल. आणि वर्कशॉप वाढलं की आयटीआयमधून मोटर मेकॅनिक करून बाहेर पडलेल्या पोरांना घराजवळ काम मिळतं, हेही कुणीतरी बोललं पाहिजे.

पाटलीपाडा ब विंग

जागा दुप्पट झाली की बुकिंगही दुप्पट घेतील. रस्ता पुन्हा भरणार. पूर्ण विरोधाला माझा पाठिंबा.

नकाशावाला

नगररचनेच्या कामात बरीच वर्षं आहे. वाघबीळकर, तुमचा मुद्दा मनापासून पटतो, पण नुसता विरोध केलात तर हातात काही राहणार नाही अशी मला भीती वाटते.

जमीन खासगी आहे. आराखड्यावर आरक्षणाची रेघ मारली म्हणजे जमीन महापालिकेची होत नाही, ती संपादित करावी लागते. अंतिम आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली आणि संपादन झालं नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलं उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप रद्द होतं. मग लगतच्या जागेवर जो वापर चालतो तो त्या जागेवरही चालतो. पुढची परवानगी कलम 44-45 खाली, जिथे तुम्हाला कुणी विचारत नाही. आज 37 मुळे मालक सुनावणीच्या टेबलावर येतोय. उद्या 127 ने गेला तर तुम्हाला समजेल ते थेट पाया खणताना.

संपादन का होत नाही, तर पैशामुळे. 2013च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर आणखी शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. घोडबंदर रोडला लागून असलेल्या जागेचा हिशोब ज्याने त्याने करावा. टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन जागा घ्यायची तर मालकाची तयारी हवी, आणि ज्याला तिथेच शोरूम बांधायचंय तो टीडीआर कशाला घेईल?

पण मधला एक रस्ता आहे. युडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, समावेशक आरक्षणाची तरतूद आहे. मालकाने आरक्षणाची सुविधा स्वतः बांधून, नियमात ठरलेला हिस्सा महापालिकेच्या ताब्यात द्यायचा आणि उरलेला वापर स्वतःसाठी करायचा. म्हणजे आरक्षण वगळायची गरजच पडत नाही. खालचे मजले सार्वजनिक वाहनतळ, वर वर्कशॉप. म्हणून हरकतीत ‘शोरूम नको’ असं लिहू नका. ‘आरक्षण वगळू नका, ते समावेशक तत्त्वावर विकसित करायला लावा’ असं लिहा. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला अशा हरकतीवर निर्णय द्यावा लागतो. ‘तीव्र विरोध आहे’ या वाक्यावर त्याने नोंद घेण्यापलीकडे करायचं तरी काय?

वाघबीळकर

नकाशावाला, माहिती मोलाची आहे. पण 127 ची भीती दाखवून आधीच माघार घ्यायची हे मला जमणार नाही. 24 महिने मिळतात ते महापालिकेने पावलं उचलावीत म्हणूनच ना? लोकांनी मागणीच केली नाही तर महापालिका पैसे कशाला ठेवेल? मी मुख्य हरकत पूर्ण विरोधाचीच ठेवतो. खाली पर्यायी मागणी म्हणून समावेशक आरक्षणाचा मुद्दा घालतो.

नकाशावाला

पर्यायी मागणी तळाशी ढकललीत तर ती वाचलीही जात नाही. पण तुमचं पत्र आहे, तुम्ही ठरवा.

दोन मुलांची आई

मी रस्त्याच्या पलीकडे राहते. इथे कागदांवर चर्चा चाललीय, मला रात्रीचं सांगायचंय.

नव्या गाड्या घेऊन येणारा कॅरिअर रात्री साडेअकरा-बाराला येतो. आत वळायला जागा नाही, म्हणून सेवा रस्त्यावरच आडवा लागतो. आधी रॅम्प खाली टाकल्याचा दणका. मग साखळ्या सोडायचा आवाज, एकेका चाकाची वेगळी. मग एकेक गाडी रिव्हर्समध्ये उतरते, तिचा टिकटिक आवाज, आणि खाली उभा माणूस ‘येऊ दे, येऊ दे, बस’ असं ओरडत असतो. शेवटची गाडी आत जाईपर्यंत तास-दीड तास जातो. माझ्या धाकट्याची झोप मोडली की पुन्हा लागत नाही. सासूबाईंना रात्री ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली तेव्हा ती कॅरिअरमागे अडकली. ड्रायव्हरने सहकार्य केलं, कॅरिअर पुढे घेतला, पण त्यातली दोन-तीन मिनिटं मी विसरू शकत नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. मी आरक्षण वगैरेच्या बाजूने किंवा विरोधात नाही. कॅरिअर आत गेला पाहिजे, आणि रात्री दहानंतर उतरवणं बंद झालं पाहिजे, हे लेखी पाहिजे. तोंडी आश्वासनं मॅनेजर बदलला की जातात. तीन मॅनेजरांशी बोलून झालंय.

सर्व्हिस बे

ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. कॅरिअर आत घ्यायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. वेळेचं मात्र थोडं समजून घ्या. ठाण्यात दिवसा गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते. कॅरिअर अवजड वाहनात येतो. त्याला रोडवर सोडतातच रात्री. शोरूमवाल्याने ठरवलं तरी त्याला संध्याकाळी सहाला आणता येत नाही.

दोन मुलांची आई

मग दुपारची जी मोकळीक असते त्या वेळेत आणा. किंवा शहराबाहेरच्या यार्डात उतरवून एकेक गाडी चालवत आणा, व्यवसाय प्रमाणपत्र आहेच की. खर्च वाढेल, मान्य. तो खर्च आज माझं घर झोपमोडीने भरतंय.

डोंगरीपाडा जुना

एक गोष्ट खटकते म्हणून लिहितो. सेवा रस्त्यावर फक्त शोरूमच्याच गाड्या आहेत का? आपल्या सोसायट्यांमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या, पाहुण्यांच्या गाड्या, शाळेच्या बस, हॉलमध्ये लग्न असलं की वऱ्हाड, सगळं तिथेच. शोरूमच्या पलीकडच्या टोकाला रात्री ज्या गाड्या असतात त्यांना नंबर आहे आणि त्या आपल्याच आहेत. सुनावणीत शोरूमचा वकील ते फोटो दाखवेल तेव्हा आपण काय बोलणार?

वाघबीळकर

काका, बोलायचं हेच की म्हणूनच वाहनतळ हवा. ते फोटो माझ्याच हरकतीला जोडावेत, माझी ना नाही. आणि दोन्हीत फरक आहे. रहिवाशाची गाडी हे त्याचं वाहन, शोरूमची नवी गाडी हा विक्रीचा माल. पार्किंगच्या नियमात एका मोटारीला 2.5 बाय 5 मीटर धरतात, आणि ती जागा गिऱ्हाइकांची, कर्मचाऱ्यांची म्हणून मोजतात. साठ्याच्या गाड्या त्याच चौकोनांत बसवल्या की कागदावर पार्किंग पूर्ण आणि गिऱ्हाईक रस्त्यावर. साठ्याची जागा नकाशावर वेगळी दाखवलीच पाहिजे.

नाल्याकाठचा

वॉशिंगच्या पाण्याचं कुणीच काढलं नाही. येऊरच्या डोंगरातून उतरणारे नाले या पट्ट्यातून खाडीकडे जातात. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीपाशी एक पाइप आहे, दुपारी तीन-चारला तिथून पांढरा फेस येतो. फेस विरला की पाण्यावर तेलाचा रंगीत पापुद्रा दिसतो आणि गटाराच्या कडेला हात लावला तर काळं चिकट लागतं. पावसाळ्यात ते कुठल्या कुठे जातं, उन्हाळ्यात तिथेच साचून वास मारतं.

गाड्यांच्या सर्व्हिसिंगला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. धुण्याचं पाणी तेल वेगळं करून, प्रक्रिया करून सोडायचं. नाल्यात सोडायचं तर तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत. जुनं इंजिन ऑइल 2016च्या नियमांनी घातक कचरा आहे, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेलाच गेलं पाहिजे. आजच्या वर्कशॉपची ही अवस्था असताना वाढीव वर्कशॉपला संमती कशाच्या आधारावर? मी मंडळाकडे माहिती अधिकारात संमतीपत्राची प्रत आणि शेवटच्या तपासणीचा अहवाल मागतोय. ज्यांना सोबत अर्ज करायचाय त्यांनी करा.

सर्व्हिस बे

या मुद्द्यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. पाणी नीट हाताळणं जमतं. आमच्याकडे टाकीत तेल वेगळं होतं, तेच पाणी पुन्हा पहिल्या धुण्याला वापरतो. जागा लागते फक्त. जुन्या वर्कशॉपमध्ये टाकी बसवायलाच जागा नसते, म्हणूनही वाढीव जागा द्या म्हणतो.

पाटलीपाडा ब विंग

प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ‘जागा द्या’ हेच कसं? आहे त्या जागेत कमी गाड्या घ्या, हेही उत्तर आहे. दिवसाला किती गाड्या घ्यायच्या हे त्यांच्याच हातात आहे. माझ्या घरात सहा माणसं आहेत म्हणून मी जिना अडवून कपाट ठेवत नाही.

नकाशावाला

हा मुद्दा रास्त आहे आणि हरकतीत यायला हवा. वाढीव परवानगीला अट घाला: आधी सध्याची जागा मंजूर नकाशाप्रमाणे करून दाखवा. बऱ्याच ठिकाणी मंजूर पार्किंगमध्ये स्पेअर पार्टचं गोदाम किंवा ॲक्सेसरीचं काउंटर थाटलेलं असतं. मंजूर नकाशाची प्रत मागा आणि ताडून बघा. तसं निघालं तर ते कलम 52-53 चं, म्हणजे बेकायदा बांधकाम-वापराचं प्रकरण, फेरबदलाशी त्याचा संबंध नाही, पण सुनावणीत वजन पडतं.

कलम 45 खाली परवानगी अटींसह देता येते. साठ्याची जागा, कॅरिअरला आत पूर्ण वळायची जागा, पाण्याची प्रक्रिया, या तिन्ही गोष्टी भोगवटा प्रमाणपत्राआधी (बांधकाम वापरायची परवानगी) तपासा अशी मागणी करा. भोगवटा मिळून गेला की पाठपुरावा तुमच्या गळ्यात पडतो.

अजून एक. सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करायचं काम या रोडवर चाललंय. शोरूमसमोर ते झालं की शोरूमचं फाटक थेट मुख्य रस्त्यावर उघडेल. ट्रायलला निघालेली गाडी थेट कंटेनरच्या रांगेत शिरेल. प्रस्तावातला प्रवेश-निर्गमाचा नकाशा कुठल्या रस्त्यावर काढलाय, जुन्या की नव्या, हे सुनावणीत विचाराच.

वाघबीळकर

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, घालतो. मसुदा असा करतोय. पहिली मागणी, आरक्षण वगळू नये. दुसरी, मालकाला विकास करायचाच असेल तर समावेशक तत्त्वावर, वाहनतळ महापालिकेच्या ताब्यात. मग नकाशावाल्यांच्या तीन अटी, सध्याच्या नकाशाची पडताळणी आणि फाटकाचा प्रश्न. पत्र आयुक्तांच्या नावे, नगररचना विभागात दोन प्रतींत, एकीवर पोच घ्यायची. एकच पत्र आणि खाली शंभर सह्या असं नको, ज्याने त्याने आपल्या नावाने, आपल्या शब्दांत द्या.

सर्व्हिस बे

मी सूचना देणार आहे, आणि ती प्रस्तावाच्या बाजूने असेल. तीन अटी मात्र मीही लिहीन. रात्री दहाची अट मला मान्य नाही. ती घालायची तर आधी अवजड वाहनांच्या वेळा बदलून घ्याव्या लागतील, आणि ते महापालिकेच्या हातात नाही, वाहतूक शाखेच्या हातात आहे.

दोन मुलांची आई

मग वाहतूक शाखेलाही पत्राची प्रत देते. दहाची अट माझ्या पत्रात राहणार. सोमवारी सकाळी नगररचना विभागात जातेय, कुणाला पत्र द्यायचं असेल तर रविवारी रात्रीपर्यंत गेटवरच्या वॉचमनकडे ठेवा.