रोक्काशोचा हिशेब: वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा खर्च मोजायचा कसा?

धागाकर्ता:
जपानच्या अणुऊर्जा आयोगाच्या २००४ सालच्या अंदाजानुसार वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया केल्यास, म्हणजे त्यातील प्लुटोनियम व युरेनियम पुन्हा वापरासाठी वेगळे काढल्यास, विजेच्या प्रत्येक युनिटमागे इंधनचक्राचा खर्च सुमारे १.६ येन येत होता, तर ते इंधन थेट खोल पुरल्यास ०.९ ते १.१ येन. मग पुरण्याच्या पर्यायात ‘धोरणबदलाचा खर्च’ म्हणून आणखी ०.९ ते १.५ येन मिळवले गेले आणि पारडे फिरले. या रकमेत जपानच्या आओमोरी प्रांतातील रोक्काशो येथील पुनर्प्रक्रिया प्रकल्पात आधीच गुंतलेला पैसाही होता. कोणताही निर्णय घेतला तरी जो पैसा परत येणार नाही, तो एकाच पर्यायाच्या नावे टाकणे मला अजिबात मान्य नाही. वर्षाला ८०० टन क्षमतेचा हा प्रकल्प मुळात १९९७ मध्ये पुरा व्हायचा होता. २०२४ मध्ये त्याची मुदत सत्ताविसाव्यांदा पुढे गेली.

प्रतिसाद १:
बुडीत खर्चाविषयीचा आक्षेप रास्त आहे, परंतु त्या रकमेचा मोठा वाटा वेगळ्याच गोष्टीचा होता. पुनर्प्रक्रिया होणार नसेल तर साठवलेले इंधन बाहेर न्यावे लागेल, असा लेखी करार आओमोरी प्रांताशी १९९८ मध्येच झालेला आहे. ते परत आले, तर अणुवीज केंद्रांतील साठवण-तलाव भरतील, अणुभट्ट्या बंद पडतील आणि तेवढी वीज कोळसा व वायू जाळून करावी लागेल. हा खर्च काल्पनिक म्हणता येणार नाही.

धागाकर्ता:
तो खर्च साठवणुकीची दुसरी सोय होणारच नाही, हे गृहीत धरल्यावरच उभा राहतो. फुकुशिमा दाइइची केंद्रात १९९५ पासून कोरड्या पिंपांत इंधन ठेवले जात होते आणि ती पिंपे २०११ च्या त्सुनामीतही टिकली. राजकीय अडचणीला येनमध्ये किंमत लावून ती एका पर्यायाच्या माथी मारली गेली, असेच मी म्हणेन.

प्रतिसाद २:
हे जपानी आकडे तारापूर किंवा कल्पाक्कम इथल्या भारतीय पुनर्प्रक्रिया प्रकल्पांना लावू नयेत, एवढे मात्र आवर्जून सांगतो. आपल्या जडपाण्याच्या अणुभट्ट्यांत एक टन नैसर्गिक युरेनियमपासून साधारण ७,००० मेगावॉट-दिवस उष्णता मिळते आणि जपानमधल्यासारख्या हलक्या (साध्या) पाण्याच्या अणुभट्ट्यांत एक टन समृद्ध युरेनियम इंधनापासून त्याच्या सहापट किंवा अधिक. त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी आपल्याला कितीतरी जास्त टन इंधनावर प्रक्रिया करावी लागते, आणि दर किलोमागचा खर्च पाहून काहीच ठरत नाही. शिवाय आपल्याकडे युरेनियम मर्यादित असल्यामुळे प्लुटोनियम हे जलद प्रजनक अणुभट्टीचे (वीज करताना नवे इंधनही तयार करणाऱ्या भट्टीचे) इंधन म्हणूनच हवे आहे. म्हणजे पुनर्प्रक्रियेचा खर्च त्या भट्टीच्या विजेत धरायला हवा.

प्रतिसाद १:
मग तिला झालेल्या विलंबाचाही खर्च धरा. कल्पाक्कमच्या प्रजनक अणुभट्टीला २००३ मध्ये मंजुरी मिळाली आणि तिचा गाभा भरायला २०२४ मध्ये सुरुवात झाली. दरम्यान वेगळे काढून ठेवलेल्या प्लुटोनियमपैकी प्लुटोनियम-२४१ हे समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा एक प्रकार) सुमारे चौदा वर्षांत निम्मे होते आणि त्याचे अमेरिशियम बनते, ज्यामुळे इंधन घडवताना किरणोत्सर्गापासूनचे संरक्षण वाढवावे लागते. रोक्काशोबद्दल मी धागाकर्त्यांशी असहमतच आहे. पण गरजेआधी प्लुटोनियम वेगळे करण्याची किंमत तुमच्या मांडणीत कुठेही दिसत नाही.