मोती तलाव म्हणजेच सावंतवाडी?

रानमोडी: सावंतवाडीवर कुठे काही छापून आले की फोटो ठरलेला: मोती तलाव आणि पलीकडे राजवाडा. खाली ‘सुंदरवाडी’, ‘संस्थानी थाट’ वगैरे. तळे देखणे आहे, वाद नाही. पण वाडीचा स्वभाव तळ्याने घडवला नाही, चितारआळीने घडवला, चिताऱ्यांच्या त्या गल्लीने. पांगाऱ्याच्या लाकडाची हुबेहूब फळे, पाट, पाळणे, लाखकाम. आणि गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते! दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात बारा, अशी १२० गोल पाने हाताने रंगवायची. असे काम आता देशात मोजक्याच ठिकाणी उरले आहे. आपला उत्साह मात्र काठावरच्या रोषणाईत. निधी आला की सुशोभीकरण, परत आला की परत सुशोभीकरण. तळ्याला आणखी किती सजवणार?

जुनी गादी: चितारआळीला पोसले कुणी? दरबारानेच ना? तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात (१७५५ ते १८०३) राजवाडा उभा राहिला, कलावंतांना आश्रय मिळाला. आणि इतके मागे कशाला जायचे? १९७० च्या सुमारास गंजिफा रंगवणारे पुंडलिक चितारी जवळजवळ एकटेच उरले होते. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवींनी त्यांच्याकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. तुम्ही ज्या गंजिफाचे गोडवे गाताय ती राजवाड्याने वाचवली. फोटोत राजवाडा दिसतो तो काही उगाच नाही.

रानमोडी: दरबाराचे ऋण नाकारतोय कोण? पण तळ्यालाही कुणी ‘राजांची देणगी’ म्हणणार असेल तर सालेही बघा. तलाव १८७४ चा. संस्थानचा कारभार १८३८ पासून इंग्रज सुपरिंटेंडेंटकडे होता, तो परत मिळाला १९२४ मध्ये, बापूसाहेब महाराजांना. म्हणजे तळे झाले तेव्हा गादीवर राजा आणि तिजोरीची चावी साहेबाच्या कमरेला! त्याआधी इंग्रजांविरुद्धच्या १८४४ च्या बंडात खुद्द युवराज अण्णासाहेब बंडखोरांना जाऊन मिळाले होते. वाडीचा हा तापट चेहरा पर्यटनाच्या एकाही पत्रकात नसतो. तिथे फक्त पाणी आणि प्रतिबिंब.

जुनी गादी: साहेबाने बांधले असेल, पैसा साहेबाच्या घरचा नव्हता. संस्थानच्या रयतेचा होता.

पत्रादेवी: तुम्ही दोघे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे भांडताय, म्हणून आजचे सांगतो. वाडी राजधानी होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातला एक तालुका झाली. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, तर जिल्ह्याचे ठाणे गेले ओरोसला. कोकण रेल्वे आली, तर स्टेशन मळगावात. टर्मिनसचे भूमिपूजन २०१५ मध्ये झाले, पुढचे विचारू नका. महामार्ग शहरातून जायचा, तोही झाराप-पत्रादेवी बायपासने बाहेरच्या बाहेर काढला. आता वाडीत यायचे तर वाट वाकडी करावी लागते. पोरे कामाला गोव्यात, दुखणे बळावले की तिथल्याच बांबोळीच्या इस्पितळात. गावाकडे उरलेय काय? हे तळे. तेच बघायला चार माणसे हायवे सोडून आत वळतात, म्हणून चितारआळीत गिऱ्हाईक पोचते. तळ्याला नावे ठेवून चितारआळीचे भले कसे होणार?

बांद्याची सून: मी लग्न होऊन इकडे आले, त्यामुळे माझ्या रक्तात संस्थान वगैरे काही नाही. चितारआळीत मी जाते पाहुणे आले की. तळ्यावर जाते रोज. तिथे तिकीट नाही, काही विकत घ्यावे लागत नाही, आणि बाई एकटी बसली तर कुणी ‘का बसलीस’ म्हणून विचारत नाही. काठावरच्या केशवसुत कट्ट्यावर म्हातारे राजकारण करतात, मागच्या बाकावर मुले परीक्षेची रड सांगतात. गणपती विसर्जनाला सगळे गाव त्याच पाण्याशी. रानमोडी, गावाचा स्वभाव हातातल्या कलेत असतो हे वाचायला छान आहे. पण ती कला येणारे हात किती आणि काठावर फिरणारे पाय किती?

पत्रादेवी: हे मात्र बरोबर. बायपासने धंदा बुडाला, पण काठावर निदान बोललेले ऐकू येते.

रानमोडी: पाय मोजून ठरवायचे तर मग कुठल्याही बागेला गावाचा आत्मा म्हणावे लागेल. चालायला तळे बऱ्याच गावांत आहे. कोल्हापूरला रंकाळा आहे, ठाण्यात तर डझनाने आहेत. गंजिफा कुठे आहे सांगा. आता भौगोलिक मानांकन मिळाले म्हणून सत्कार झाले, पण मानांकनाची चौकट भिंतीवर लावून चिताऱ्याच्या पोराचे पोट भरत नाही. तुम्हाला तळे एवढे प्रिय आहे ना? मग पुढच्या निधीतून दिवे नकोत. काठावर चार कारागीर बसवा. लाकूड कातताना, लाख चढवताना येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे.

जुनी गादी: दरबार हॉलमध्ये नेमके तेच चाललेय, तिकीट काढून बघून या.

रानमोडी: तिकीट काढूनच ना. मी बिनतिकिटाच्या जागेबद्दल बोलतोय.

बांद्याची सून: बसवा की. फक्त कट्ट्याच्या अलीकडे बसवा. संध्याकाळी आधीच जागा मिळत नाही.

पत्रादेवी: आणि पावसात रंग खंय सुकतलो, तां सांगा आधी.