कोरी (कोरीडोरास मासे) अंडी घालत नाहीत, हीटर ३० वर नेऊ का?

नाशिकचा_टँक:
तीन फुटी टँकमध्ये ब्रॉन्झ कोरीडोरासचा थवा आहे. माद्या वरून बघितल्या तरी पोटाने टम्म दिसतात. शेजारच्या टँकमधली एंजल माशांची जोडी २८ अंशांना नियमित अंडी घालते, म्हणून यांचाही हीटर २८ वर ठेवला. काहीच हालचाल नाही. ३० करू?

पावसाळी_कोरी:
अजिबात नको! एंजलला स्थिर, उबदार पाणी हवं असतं. कोरींचं उलट आहे. हे दक्षिण अमेरिकेतले मासे. तिकडे पाऊस लागला की नदीत गार, कमी क्षारांचं पाणी येतं, पाठोपाठ खाणंही वाढतं. विणीची वेळ झाली हे त्यांना पाणी गार होण्यावरून कळतं. सतत २८ म्हणजे त्यांच्यासाठी न संपणारा उन्हाळा.

आधी हीटर २५ वर आणा आणि आठवडाभर फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) पोटभर द्या. मग संध्याकाळी साधारण निम्मं पाणी बदला. नवीन पाणी टँकपेक्षा चार-पाच अंश गार हवं, त्यात थोडं आरओचं (क्षार काढलेलं) पाणी मिसळलंत तर उत्तम. त्या रात्री हीटर २२ वर ठेवा, नाहीतर तो रात्रीतून सगळं पुन्हा तापवून ठेवेल.

सकाळी काचेवर लक्ष ठेवा. माद्या तोंडाने जागा साफ करू लागल्या की समजा जमलं. नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, दोघांचा इंग्रजी टी होतो. मग ती पोटाखालच्या परांच्या ओंजळीत अंडी धरून वर जाते आणि काचेला चिकटवते. हे बघण्यासाठी मी ऑफिसला उशिरा गेलोय!

नाशिकचा_टँक:
थंडीत आमच्या घरच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी १६ च्या आसपास असतं. तेच ओतू?

पावसाळी_कोरी:
नको, धक्का बसून माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होईल. गरम पाणी मिसळून, थर्मामीटर लावून २० वर आणा. क्लोरीन आधी काढा. आणि हा प्रयोग एंजलच्या टँकवर करू नका.

ठाणे_ॲक्वा:
एक भर घालतो. अंडी पडली की लगेच वेगळी करा, मोठे मासे खाऊन टाकतात. वेगळ्या डब्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून पाणी २५ वर स्थिर ठेवा, तीन ते पाच दिवसांत फुटतात. पाणी गार राहिलं तर जास्त दिवस लागतात. पांढरी पडलेली अंडी रोज उचला, नाहीतर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते.