वेगळी चूल कुणी मांडली?

रानवारा:
परवा इथे एकाने लिहिलं, "अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉलेजांनी १९१२ साली स्वतःची क्रीडा संघटना काढली, म्हणजे वेगळी चूल त्यांनीच मांडली." दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. अरे, आधी घरात तरी घेतलं होतं का त्यांना?

हॅम्प्टन, हॉवर्ड, लिंकन, शॉ आणि व्हर्जिनिया युनियन या पाच कृष्णवर्णीय कॉलेजांची माणसं हॅम्प्टनला जमली ती रुसून नव्हे. त्यांच्यात खेळ तर वीस वर्षं आधीच सुरू झाला होता. २७ डिसेंबर १८९२ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्झबरीत बिडल आणि लिव्हिंगस्टन या दोन कृष्णवर्णीय कॉलेजांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना भर बर्फात झाला. लिव्हिंगस्टनच्या पोरांचे कपडे कॉलेजातल्या मुलींनी शिवलेले, रोजच्याच बुटांना खिळे ठोकलेले. बर्फाखाली रेषा गेली झाकून. सुटलेला चेंडू रेषेच्या आत धरला की बाहेर, यावर जुंपली आणि निकाल बिडलकडे गेला. अशी भांडणं मिटवायला नियम लागतात, पंच लागतात. गोऱ्यांच्या संघटना ते देणार नव्हत्या, म्हणून कलर्ड इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन.

पांथस्थ:
तुम्ही फक्त दक्षिण दाखवता. उत्तरेत विल्यम हेन्री लुईस हा कृष्णवर्णीय खेळाडू १८९१ साली ॲमहर्स्ट या गोऱ्यांच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कप्तान होता, पुढे हार्वर्डकडून खेळला. दार किलकिलं झालं होतं. वेगळ्या संघटनेमुळे "तुमचं तुम्ही खेळा" म्हणायला गोऱ्यांना आयतं निमित्त मिळालं. १९१३ ला आग्नेयेकडच्या कॉलेजांनी दुसरी काढली, १९२० ला टेक्सासमध्ये तिसरी. भिंत जाडच होत गेली.

रानवारा:
किलकिलं? १९१६ साली कृष्णवर्णीय पॉल रॉबसन उत्तरेतल्या रटगर्स कॉलेजचा एवढा मोठा फुटबॉल खेळाडू, पण व्हर्जिनियाचा वॉशिंग्टन अँड ली संघ आला तेव्हा त्याला बाहेर बसवलं. पाहुण्यांना काळा खेळाडू समोर नको होता. एकट्या लुईसच्या नावावर शेकडो पोरांनी किती वर्षं वाट बघायची?

देवगडकर:
तुम्ही दोघं मूळ मुद्दा सोडताय. संघटना काढण्यामागे खेळाडूंची पात्रता हे मोठं कारण होतं. विद्यार्थी नसलेले गडी उतरवायचे, आज या कॉलेजकडून, उद्या त्या.

माझंच सांगतो. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, मी डावा कोपरा. तीन महिने पहाटे मातीत गुडघे सोलून घेतले. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी एक गडी आला, तिशीचा असेल. बी.ए. प्रथम वर्षाचं कोरं ओळखपत्र, लॅमिनेशन अजून गरम. माझी जर्सी त्याला दिली. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष माझं शेवटचं होतं, तेव्हाही बाहेरचाच आला. त्या पाच कॉलेजांनी १९१२ साली यावर नियम केले. आमच्याकडे ओळखपत्र उलटून बघायलाही कुणी नव्हतं.

मावळतीचा:
अगदी! आमच्या खो-खो संघात तर नोकरीला असलेला माणूस खेळला.

पांथस्थ:
विषय काय, चाललंय काय! कबड्डीचा वेगळा धागा काढा.

देवगडकर:
काढणार नाही. तुम्हाला ती संघटना नुसती भिंत दिसते. ज्याची जर्सी गेलीये त्याला तिच्यात नियम दिसतात. तुमची कधी गेलीये का?

मावळतीचा:
आवाज खाली ठेवा दोघांनी. पण देवगडकर, नियम लिहिले म्हणजे पाळले जातात असं नाही. १९२९ च्या कार्नेगी फाउंडेशनच्या अहवालाने गोऱ्या विद्यापीठांतलाच पैशाचा बाजार उघडा पाडला होता. नियम करणारी त्यांची संघटना १९०६ पासूनची होती, तरीही.

नर्मदा_डरहॅम:
मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला राहते. इथल्या कृष्णवर्णीय कॉलेजचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन कॅन्सस विद्यापीठात बास्केटबॉलचा जनक खुद्द नेस्मिथकडे शिकले, पण तिथल्या संघात त्यांना घेत नव्हते. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ, गाव चर्चमध्ये. इथल्याच ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ गुपचूप यांच्या जिममध्ये आला. दारं बंद करून सामना झाला, ८८-४४ असा यांनी जिंकला. पांथस्थ, बंद दाराआड खेळावं लागलं. तुमचं किलकिलं दार ते हेच का? दोनच वर्षांनी संघटनेची पहिली बास्केटबॉल स्पर्धा वॉशिंग्टनला झाली, तीही मॅकलेंडनच्याच संघाने जिंकली. तिथे दार लावावं लागलं नाही.

मी पहिल्यांदा ही स्पर्धा बघायला गेले तेव्हा शेजारच्या आजीबाईंच्या मांडीवर नवऱ्याचं जुनं कॉलेज जॅकेट होतं. ते गेल्यापासून दरवर्षी घेऊन येतात म्हणाल्या.

पांथस्थ:
ठीक आहे, 'त्यांनीच मांडली' हे चूक, मानतो. पण १९७० नंतर दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी दारं उघडली आणि यांचे उत्तम खेळाडू तिकडे गेले. ते नुकसान कुणी मोजायचं?

रानवारा:
ते मान्य. पण नुकसान झालं म्हणता, म्हणजे गमावण्यासारखं काही त्यांनी उभं केलं होतं ना? मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

देवगडकर:
आणि माझ्या जर्सीचं?